दोन प्रदर्शनांमधला स्पेन

1925च्या मे महिन्याच्या अखेरीस माद्रिदच्या रेतीरो बागेत एक कलाप्रदर्शन उघडलं. भरवणारी मंडळी स्वतःला ‘इबेरियन कलावंतांची सोसायटी’ म्हणवत होती. सरकारी प्रदर्शनांत पदकं ठरावीक लोकांच्याच गळ्यात पडतात आणि नव्या चित्रकाराला भिंतसुद्धा मिळत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. शेवटी त्यांनी स्वतःच भिंती मिळवल्या. उरुग्वेहून येऊन स्पेनमध्ये रमलेला राफाएल बार्रादास तिथे होता, बेंहामीन पालेन्सिया होता. नुकतीच एकविशी गाठलेल्या साल्वादोर दालीने वसतिगृहातल्या एका मित्राचं, लुईस बुन्युएलचं, करड्या रंगांतलं व्यक्तिचित्र लावलं होतं. या गर्दीत आल्बेर्तो सांचेझ नावाच्या तिशीतल्या माणसाची शिल्पंही होती. आल्बेर्तो पेशाने पाववाला. तोलेदोच्या गरीब घरातून आलेला, अक्षरओळख उशिरा झालेला. भट्टीवरच्या कामातून उरलेल्या वेळात तो चित्रं काढायचा, शिल्पं घडवायचा. आतोचा स्टेशनसमोरच्या कॅफेत बार्रादासशी त्याची गाठ पडली आणि नव्या कलेचं वारं त्याला तिथेच लागलं.

प्रदर्शनाने माद्रिद हादरलं वगैरे काही नाही. सोसायटीला पुढचं प्रदर्शन भरवायला सहा वर्षं लागली, एवढं सांगितलं तरी पुरे. पण वर्तमानपत्रांनी पाववाल्याची बाजू उचलून धरली, तोलेदोच्या प्रांतिक मंडळाने त्याला विद्यावेतन दिलं आणि आल्बेर्तोची भट्टी सुटली.

बारा वर्षांनी, 1937च्या जुलैमध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात स्पेनचा मंडप उघडला तेव्हा दाराबाहेर याच आल्बेर्तोचं सुमारे साडेबारा मीटर उंचीचं शिल्प उभं होतं. आत पाब्लो पिकासोचं ‘गेर्निका’ होतं, होआन मिरोचं भित्तिचित्र होतं, आणि पाण्याऐवजी पारा वाहणारं एक कारंजं होतं. तोवर मायदेशात यादवी युद्ध पेटून वर्ष होत आलं होतं. या दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात स्पेनमध्ये चित्रकार, कवी, छापखानेवाले आणि सिनेमावेडे यांनी जे करून ठेवलं, ते आज युरोपातल्या आधुनिक कलेच्या इतिहासातलं एक भरगच्च प्रकरण मानलं जातं. मात्र बाहेरच्या जगाला त्यातली चार-पाच नावंच पाठ असतात.

‘दोन महायुद्धांमधला काळ’ हा शब्दप्रयोगच मुळात स्पेनला नीट बसत नाही. पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला, आणि त्याचं स्वतःचं युद्ध बाकी युरोपच्या तीन वर्षं आधी सुरू झालं. तटस्थतेचा फायदा कारखानदारांना झाला तसा कलेलाही झाला. लढाईपासून दूर पळालेले कलावंत बार्सिलोना आणि माद्रिदमध्ये येऊन थांबले. रोबेर आणि सोनिया दलोने माद्रिदला आले. सोनियाने तिथे कपड्यांचं आणि गृहसजावटीचं दुकानच थाटलं. फ्रान्सिस पिकाबियाने आपलं ‘391’ हे उपद्व्यापी मासिक 1917च्या जानेवारीत बार्सिलोनातून सुरू केलं. त्याच शहरात जुझेप दालमाऊ नावाचा दालनचालक होता. त्याने 1912मध्येच क्यूबिस्टांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि त्यात मार्सेल द्यूशांचं जिना उतरणाऱ्या विवस्त्र आकृतीचं चित्रही लोकांना दाखवलं होतं. मिरोचं पहिलं एकल प्रदर्शन 1918मध्ये याच दालमाऊकडे झालं, दालीचं 1925मध्ये. दोघांनाही पहिली खोली उघडून देणारा हा माणूस आज तज्ज्ञांपलीकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

माद्रिदला असा दालमाऊ नव्हता. तिथे कॅफे होते.

पुएर्ता देल सोल या मध्यवर्ती चौकाजवळ कार्रेतास रस्त्यावर ‘पोंबो’ नावाचा जुनाट कॅफे होता. 1915च्या सुमारास रामोन गोमेझ द ला सेर्ना या लेखकाने तिथे दर शनिवारी रात्री बैठक भरवायला सुरुवात केली. त्या तळघरासारख्या खोलीला तो मोठ्या थाटात ‘पवित्र तळघर’ म्हणायचा. गोल चेहऱ्याचा, कानांपुढे कल्ले राखलेला, पाइप ओढणारा हा गृहस्थ म्हणजे एकट्याचीच एक साहित्य चळवळ होती. स्पेनमध्ये त्याला आडनावाने कुणी ओळखतच नाही. नुसतं रामोन म्हटलं की पुरतं. इटलीच्या मारिनेत्तीचा संग्रहालयं उद्ध्वस्त करा सांगणारा भविष्यवादी जाहीरनामा त्याने 1909मध्येच, म्हणजे पॅरिसमध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर लगोलग, आपल्या ‘प्रोमेतेओ’ मासिकात छापला होता. 1915मध्ये त्याने माद्रिदमध्ये क्यूबिस्ट वळणाच्या चित्रांचं प्रदर्शन जुळवून आणलं. त्यात मेक्सिकोच्या दिएगो रिवेराने काढलेलं रामोनचंच व्यक्तिचित्र होतं: तुकड्यातुकड्यांचं, पाइप आणि पिस्तुलासकट. दुकानाच्या काचेत ते लावल्यावर रस्त्यात एवढी गर्दी झाली की पोलिसांनी ते काढायला लावलं.

रामोनने एक वाङ्मयप्रकारही शोधून काढला. एका वाक्यात उरकणारी, एखाद्या क्षुल्लक वस्तूकडे तिरक्या नजरेने पाहणारी, अर्धी विनोद आणि अर्धी कविता अशी ती टिपणं. बटण, टाइपरायटर, पावसातली छत्री, काहीही चाले. असली हजारो टिपणं त्याने लिहिली. त्याचं घर रास्त्रो या जुन्या बाजारातून आणलेल्या भंगाराने गच्च भरलेलं होतं, आणि भाषणं देण्याची त्याची तऱ्हाही त्याला शोभणारी होती. 1923मध्ये त्याने माद्रिदच्या एका सर्कशीत झुल्यावर बसून व्याख्यान दिलं, पुढे पॅरिसला हत्तीच्या पाठीवरून. विदूषकी म्हणून हे सोडून देता येईल. पण गंभीर चेहऱ्याच्या त्या देशात नव्या साहित्याला श्रोता मिळवून देण्याचं काम या विदूषकीने केलं, हे विसरून चालणार नाही. होसे गुतिएर्रेझ सोलानाने 1920मध्ये पोंबोच्या बैठकीचं मोठं चित्र काढलं. मधे उभा रामोन, भोवती काळ्या कपड्यांतली मित्रमंडळी. चित्रातले सगळे जण नवतेचे पुरस्कर्ते आहेत आणि दिसतात मात्र एखाद्या पतपेढीच्या संचालक मंडळासारखे.

1918च्या उन्हाळ्यात चिलीचा कवी विसेंते उइदोब्रो पॅरिसहून माद्रिदला आला आणि काही महिने राहिला. त्याच्या बॅगेत फ्रेंच कवी अपोलिनेरच्या वर्तुळातलं ताजं साहित्य होतं. त्या भेटीतून स्पेनचा स्वतःचा पहिला ‘वाद’ उगवला, ‘अल्ट्रा’. म्हणजे पलीकडे जायचं. कशाच्या पलीकडे, ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. रूबेन दारियोच्या वळणाची हंस, सरोवरं आणि राजकन्यांनी भरलेली कविता या पोरांना नको होती. त्यांना विमानाचे पंखे हवे होते, तारायंत्र हवं होतं, ट्रामच्या तारा हव्या होत्या. यमक गेलं, विरामचिन्हं गेली, शब्द पानभर विखुरले. गिय्येर्मो द तोर्रे या विशीतल्या तरुणाने जाहीरनामा काढला आणि 1923च्या आपल्या कवितासंग्रहाला नावच ‘पंखे’ दिलं. स्पेनमध्ये काही काळ राहिलेला अर्जेंटिनाचा होर्हे लुईस बोर्हेस हाही या टोळीतला. त्याची बहीण नोरा लाकडी ठसे कोरून मासिकांची मुखपृष्ठं करायची. पुढे तिने गिय्येर्मोशी लग्न केलं. भावाने मात्र म्हातारपणापर्यंत आपल्या त्या कवितांची लाजच बाळगली.

त्याच्या लाजेत तथ्य आहे. अल्ट्राच्या बऱ्याच कविता आज वाचवत नाहीत. विमान दिसलं की कविता झाली, असा काहीसा हिशेब होता. पण त्यांची मासिकं अजून पाहत राहावीशी वाटतात. ‘अल्ट्रा’ नावाचं मासिक 1921-22 मध्ये चोवीस अंक चाललं. बार्रादासची अक्षरं, नोराचे ठसे, वेड्यावाकड्या लावलेल्या जाहिराती, सगळं एका पानावर. या काळातल्या स्पॅनिश नवतेचं खरं दालन म्हणजे कागद. माद्रिदमध्ये नवी चित्रं विकत घेणारे श्रीमंत नव्हते, दालनं तुरळक होती. पण छपाईचे खिळे जुळवणारे कारागीर होते आणि टपाल वेळेवर पोचत होतं. म्हणून गावोगावी मासिकं निघाली. सेव्हियाला ‘ग्रेसिया’, ला कोरुन्याला ‘आल्फार’, सित्जेसला कॅटलान भाषेतलं ‘लामिक द लेस आर्त्स’, आणि पार कॅनरी बेटांवर तेनेरीफेला ‘गासेता दे आर्ते’. या शेवटच्या मासिकाच्या मंडळींनी 1935च्या मे महिन्यात अतिवास्तववादाचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों याला बेटावर बोलावून अतिवास्तववाद्यांचं प्रदर्शनच भरवलं. केळीच्या बागा आणि ज्वालामुखीच्या राखेत ब्रेतों हरखून गेला.

या सगळ्यांत देखणं काम झालं ते मालागाच्या ‘सुर’ छापखान्यात. एमिलियो प्रादोस आणि मानुएल आल्तोलागिर्रे या दोन कवींनी विशीत तो चालवायला घेतला. आतली सजावट जहाजासारखी केली. 1926पासून तिथून ‘लितोराल’ निघू लागलं. खिळे जुळवायचे ते कवी स्वतः. पुढे माद्रिदमध्ये आल्तोलागिर्रे आणि त्याची पत्नी कोंचा मेंदेझ यांनी छपाईचा हाच संसार मांडला. कोंचा स्वतः कवयित्री, शिवाय पट्टीची पोहणारी. कामगारांचा निळा डगला घालून ती यंत्र चालवायची. त्या पिढीच्या कितीतरी कवींची पुस्तकं या दोघांच्या हातून छापली गेली.

आता दाली आणि बुन्युएलच्या त्या वसतिगृहाकडे. ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ म्हणजे विद्यार्थ्यांचं निवास. 1910मध्ये माद्रिदमध्ये ते सुरू झालं आणि पाच वर्षांनी शहराच्या उत्तरेकडच्या एका टेकाडावर गेलं. कवी हुआन रामोन हिमेनेझ तिथे राहत असे; त्याने टेकाडाला पॉपलरच्या झाडांवरून नाव दिलं आणि ते चिकटलं. संचालक आल्बेर्तो हिमेनेझ फ्राउद याची कल्पना साधी होती. विज्ञानाचा आणि साहित्याचा विद्यार्थी एका टेबलावर जेवले पाहिजेत, आणि जगात जे नवं चाललंय ते त्यांना त्याच इमारतीत ऐकायला मिळालं पाहिजे. खोल्या साध्या, इमारतीत प्रयोगशाळा, जेवणात दारू नाही. सभागृहात कोण येऊन बोललं? 1923मध्ये आइन्स्टाइन, पुढच्या वर्षी तुतनखामेनची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर, 1928मध्ये वास्तुकार ल कोर्बुझिए, 1930मध्ये अर्थतज्ज्ञ केन्स. मेरी क्यूरीही आल्या. रवींद्रनाथ ठाकूर इथल्या वाचकांना जवळचे झाले होते ते हुआन रामोन आणि त्याची पत्नी सेनोबिया काम्प्रुबी यांच्यामुळे. सेनोबिया इंग्रजीवरून भाषांतर करायची आणि नवरा स्पॅनिश घडवायचा. 1915पासून या जोडीने ठाकुरांची वीसएक पुस्तकं स्पॅनिशमध्ये आणली.

1917मध्ये लुईस बुन्युएल इथे दाखल झाला. वडिलांच्या इच्छेखातर शेतकी अभियंता व्हायला आला, मग किडे अभ्यासू लागला, शेवटी इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडला. 1919मध्ये ग्रानादाहून फेदेरिको गार्सिया लोर्का आला. 1922मध्ये दाली: लांब केस, गुडघ्यापर्यंत पायताबे, आणि लाजाळू इतका की सुरुवातीला कुणाशी बोलेना. कुणीतरी त्याच्या खोलीत डोकावलं, क्यूबिस्ट चित्रं पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून तो टोळीचा झाला. या टोळीच्या उद्योगांवर पुस्तकं लिहिली गेली आहेत. बुन्युएलने ‘तोलेदोचा संप्रदाय’ काढला. जुन्या तोलेदो शहराच्या गल्ल्यांतून रात्रभर भटकणं ही त्याची दीक्षा. ज्या कुठल्या गोष्टीला कालबाह्यतेचा वास येई तिला ही मंडळी ‘सडलेली’ म्हणत, आणि अशा सडक्या माणसांची व्यंगचित्रं दाली काढत असे. 1926मध्ये कला अकादमीत परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा, आपली परीक्षा घेण्याची तुमची पात्रता नाही असं त्याने परीक्षकांना सुनावलं आणि कायमचा बाहेर पडला.

लोर्का आणि दाली यांच्या मैत्रीने दोघांच्याही कामावर खूण सोडली. 1927च्या जूनमध्ये बार्सिलोनात लोर्काच्या ‘मारियाना पिनेदा’चा प्रयोग झाला, त्याचं नेपथ्य दालीचं. त्याच आठवड्यात दालमाऊच्या दालनात लोर्काची रेखाचित्रं लागली. वर्षभरात लोर्काच्या जिप्सी गाथा देशाने डोक्यावर घेतल्या, तेव्हा दालीने पत्र लिहून कळवलं की हे फारच जुन्या वळणाचं आहे. लोर्काच्या जिव्हारी लागलं. 1929मध्ये बुन्युएल आणि दाली यांनी मिळून एक लघुपट लिहिला. पद्धत अशी: ज्या प्रतिमेचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती फेकून द्यायची. बुन्युएलला स्वप्नात चंद्राला छेदणारा ढग आणि डोळ्यावरून फिरणारा वस्तरा दिसला होता, दालीला मुंग्यांनी भरलेला तळहात. एवढ्या भांडवलावर संहिता आठवड्याभरात झाली. पैसे बुन्युएलच्या आईने दिले. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला प्रेक्षक अंगावर आले तर असावेत म्हणून बुन्युएलने खिशात दगड भरून नेले होते. टाळ्या पडल्या. चित्रपटाच्या नावातला ‘आंदालुसियन कुत्रा’ म्हणजे आपणच, अशी आंदालुसियाच्या लोर्काची समजूत झाली.

या पिढीला स्पेनमध्ये ‘सत्तावीसची पिढी’ म्हणतात, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. 1927मध्ये सतराव्या शतकातल्या लुईस दे गोंगोरा या कवीच्या निधनाला तीनशे वर्षं झाली. गोंगोरा म्हणजे दुर्बोध, प्राध्यापकांनी अडगळीत टाकलेला. अकादमीने त्याच्या स्मरणासाठी काही केलं नाही, आणि नेमके नवतावादीच त्याच्यासाठी उभे राहिले. त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना लावली, ‘लितोराल’ने चित्रकार हुआन ग्रिसच्या मुखपृष्ठाचा जोडअंक काढला, आणि डिसेंबरात लोर्का, राफाएल आल्बेर्ती, होर्हे गिय्येन, हेरार्दो दिएगो, दामासो आलोन्सो ही मंडळी आगगाडीने सेव्हियाला जाऊन काव्यवाचन करून आली. खर्च उचलला इग्नासिओ सांचेझ मेहियास या बैलझुंजीतल्या तारांकित मातादोरने. प्रतिमेवर प्रतिमा रचत जाणारा गोंगोरा त्यांना तीनशे वर्षांपूर्वीचा आपलाच माणूस वाटला.

स्पेनची नवता इतर देशांहून वेगळी होते ती इथे. मारिनेत्तीला संग्रहालयं पाडायची होती. स्पेनमधल्या त्याच्या वाचकांनी त्याच्याकडून विमानं घेतली आणि संग्रहालयं जपून ठेवली. लोर्का जुन्या गाथा आणि अंगाईगीतं गोळा करत होता. संगीतकार मानुएल दे फाय्या आणि त्याने मिळून 1922मध्ये ग्रानादात लोकगायनाची स्पर्धा भरवली होती. पाव भाजणं सोडलेला आल्बेर्तो आणि पालेन्सिया हे दोघं 1927पासून आतोचाहून निघून व्हाय्येकासच्या उजाड माळावर तासन्‌तास चालत जायचे. तिथली हाडं, धोंडे, नांगराच्या रेषा यांतून त्यांनी जे आकार उचलले, ते पॅरिसच्या अतिवास्तववादाशी नातं सांगतात आणि तरी अस्सल कास्तीलच्या मातीचे आहेत. तत्त्वज्ञ होसे ऑर्तेगा इ गासेट याने 1925मध्ये नव्या कलेवर निबंध लिहून सांगितलं की ही कला माणसाच्या सुखदुःखापासून मुद्दाम दूर जाते आणि मूठभरांनाच कळते. निबंध गाजला, आजही अभ्यासक्रमात असतो. पण दहा वर्षांत त्याच कलावंतांनी तो खोटा पाडला.

सेव्हियाच्या त्या सहलीत काढलेलं छायाचित्र स्पेनच्या शाळांतल्या पुस्तकांत छापलं जातं. त्यात एकही बाई नाही. प्रत्यक्षात बायका होत्या, आणि भरपूर होत्या. मारुहा माय्यो ही चित्रकार एके दिवशी मैत्रीण मार्गारिता मान्सो, दाली आणि लोर्का यांच्यासोबत पुएर्ता देल सोलमधून डोक्यावरची टोपी काढून चालत गेली. डोक्यांत कोंबलेले विचार जरा मोकळे व्हावेत, एवढाच हेतू. लोकांनी दगड मारले, असं तिने पुढे दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत हसतहसत सांगितलं. 1928मध्ये ऑर्तेगाने आपल्या ‘रेविस्ता दे ऑक्सिदेन्ते’ या मासिकाच्या खोल्यांत तिचं प्रदर्शन लावलं. माद्रिदच्या जत्रांची ती चित्रं म्हणजे रंगांचा आणि टवाळीचा दंगा आहे. पुढे पॅरिसमध्ये तिचं एक चित्र ब्रेतोंने विकत घेतलं. आंहेलेस सांतोसची गोष्ट याहून विलक्षण आहे. वाय्यादोलिदसारख्या गावात, सतरा वर्षांच्या या मुलीने 1929मध्ये सुमारे तीन मीटर लांबी-रुंदीचं एक चित्र रंगवलं. त्यात पृथ्वी चौकोनी आहे, तिच्या कडांवर घरं, आगगाड्या, फुटबॉलचं मैदान, आणि वरून परग्रहावरच्या वाटाव्यात अशा बायका तारे पेटवताहेत. माद्रिदला ते लागलं तेव्हा लेखकांची रीघ लागली. वर्षभरात घरच्यांनी मुलगी बिघडली म्हणून तिला आरोग्यधामात ठेवलं. रामोनने त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. ती बाहेर आली, पण त्या उंचीचं काही तिने पुन्हा रंगवलं नाही. 2013मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ती वारली.

14 एप्रिल 1931ला राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने पहिल्या दोन महिन्यांतच ‘शैक्षणिक मोहिमा’ जाहीर केल्या. प्रमुख होता पंचाहत्तरीला टेकलेला कलाभ्यासक मानुएल बार्तोलोमे कोसियो. खेचरांवरून आणि ट्रकमधून ग्रंथालयं, ग्रामोफोन, सिनेमाची यंत्रं अशा गावांत पोचली जिथे वीजही नव्हती. युद्ध सुरू होईपर्यंत पाच हजारांहून अधिक छोटी ग्रंथालयं वाटली गेली. रामोन गाया आणि इतर तरुण चित्रकारांनी प्रादो संग्रहालयातल्या वेलास्केझ, गोयांच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्या घेऊन ते गावोगाव हिंडले.

लोर्काने 1932मध्ये ‘ला बार्राका’ ही विद्यार्थ्यांची फिरती नाटकमंडळी उभी केली. सगळ्यांना निळा डगला, त्यावर पालेन्सियाने काढलेलं चाक आणि मुखवट्याचं चिन्ह. खेळ सेर्वान्तेस, लोपे दे वेगा, काल्देरोन यांचे, म्हणजे तीनशे वर्षं जुने. एका नाटकाचं नेपथ्य आल्बेर्तोचं. या भटकंतीतून लोर्काची स्वतःची नाटकंही तावून निघाली. 1934च्या डिसेंबरात माद्रिदमध्ये ‘येर्मा’ रंगमंचावर आलं तेव्हा उजव्या गटांनी प्रेक्षागृहात गोंधळ घातला. हेच ‘येर्मा’ पुढे ‘चांगुणा’ होऊन मराठी रंगभूमीवर आलं, आणि लोर्काच्या शेवटच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट केला.

बुन्युएलने 1933मध्ये लास उर्देस या दरिद्री डोंगरी मुलखावर माहितीपट काढला. पैसे कुठून? रामोन आसीन हा अराजकवादी शिक्षक-शिल्पकार त्याला गमतीत म्हणाला होता की लॉटरी लागली तर चित्रपट मी काढून देतो. नाताळची लॉटरी लागली आणि त्याने शब्द पाळला. प्रजासत्ताकाच्या सरकारने चित्रपटावर बंदी घातली: स्पेनची बदनामी होते म्हणून. यादवी युद्ध पेटल्यावर, 1936च्या ऑगस्टमध्ये, आसीनला लष्करी बंडखोरांनी गोळ्या घातल्या.

सगळे नवतावादी डावीकडे गेले असं समजणं मात्र चुकीचं. 1927पासून ‘ला गासेता लितेरारिया’ हे पाक्षिक चालवणारा एर्नेस्तो हिमेनेझ काबाय्येरो या साऱ्यांचा टपाल-नाका होता. स्पेनमधली पहिली महत्त्वाची फिल्म सोसायटीही त्याच्याच मासिकाची. तो इटलीच्या फॅसिझमवर भाळला. एकेक लेखक त्याला सोडून गेला आणि शेवटचे काही अंक त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकट्याने लिहिले. त्या अंकांना त्याने नावच रॉबिन्सन क्रूसोवरून दिलं.

1936च्या जुलैत लष्करी बंड झालं. महिन्याभरात ग्रानादाजवळ लोर्काला मारलं. नोव्हेंबरमध्ये माद्रिदवर बाँब पडू लागले तेव्हा प्रादोतली चित्रं वालेन्सियाला हलवायची ठरलं. त्या कामात लेखिका मारिया तेरेसा लेओन आणि तिचा कवी नवरा आल्बेर्ती पुढे होते. वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ ट्रकवर चढलं. आर्गांदाच्या पुलाची लोखंडी कमान आडवी आली, तेव्हा चित्रं उतरवून माणसांनी पलीकडे नेली.

आणि मग तो पॅरिसचा मंडप. वास्तुकार जुझेप लुईस सेर्त आणि लुईस लाकासा. पैसा कमी, वेळ कमी. प्रदर्शन सुरू झाल्यावर सात आठवड्यांनी, 12 जुलैला तो उघडला. जवळच नाझी जर्मनी आणि सोव्हिएत रशियाचे अवाढव्य मनोरे एकमेकांसमोर उभे होते. पिकासोला जानेवारीतच भित्तिचित्राचं निमंत्रण गेलं होतं, पण विषय सुचत नव्हता. 26 एप्रिलला बास्क प्रांतातलं गेर्निका हे गाव बाँबहल्ल्यात बेचिराख झालं आणि 1 मेला त्याने पहिली रेखाटनं केली. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. त्यासमोर अमेरिकन अलेक्झांडर काल्डरचं कारंजं होतं. त्यातला पारा आल्मादेनच्या खाणींचा, ज्या ताब्यात घ्यायला बंडखोर सेनापती फ्रांकोचं सैन्य धडपडत होतं. लोक पाऱ्यावर नाणी टाकून ती तरंगताना पाहत. जिन्याच्या भिंतीवर मिरोचा विळा घेतलेला शेतकरी होता, बाहेर हुलिओ गोन्झालेझची लोखंडी शेतकरीण, आणि आत मारलेल्या लोर्काचं मोठं छायाचित्र. चित्रपट विभाग बुन्युएलकडे होता.

मंडप मोडल्यावर मिरोचं चित्र हरवलं, आल्बेर्तोचं शिल्पही. आल्बेर्तो 1938मध्ये मॉस्कोला गेला आणि तिथेच 1962मध्ये वारला. मधल्या काळात त्याने सोव्हिएत दिग्दर्शक कोझिन्त्सेव्हच्या ‘डॉन किहोते’ चित्रपटासाठी स्तेप प्रदेशात ला मांचा उभा करून दिला. आल्तोलागिर्रे युद्ध संपेपर्यंत छापतच राहिला. 1938च्या शेवटी आघाडीजवळ सैनिकांच्या मदतीने त्याने चिलीचा कवी पाब्लो नेरूदा याचा कवितासंग्रह छापला. कागद बनवताना शत्रूचे झेंडे आणि सदरेसुद्धा लगद्यात टाकले, असं नेरूदाने पुढे सांगितलं. नेरूदा सांगतो म्हणजे थोडं मीठमसाला लावून घ्यावं. बहुतेक सगळे देशोधडीला लागले: आल्तोलागिर्रे, कोंचा, प्रादोस आणि बुन्युएल शेवटी मेक्सिकोत, रामोन ब्वेनोस आयरेसला. दाली 1948मध्ये परतला आणि त्याने हुकूमशहा झालेल्या फ्रांकोशी जमवून घेतलं.

‘गेर्निका’ 1981मध्ये न्यूयॉर्कहून स्पेनला आलं आणि 1992पासून माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. सोलानाचा पोंबो, दालीने काढलेला बुन्युएल, आंहेलेसचं चौकोनी जग हेही तिथेच. आल्बेर्तोच्या शिल्पाची प्रतिकृती दाराबाहेर. मूळ पोंबो 1942मध्ये बंद पडला. पिनार रस्त्यावरची रेसिदेन्सिया मात्र 1986मध्ये पुन्हा सुरू झाली. ‘सुर’ची यंत्रं मालागाच्या ‘सत्तावीसची पिढी’ केंद्रात आहेत. जुन्या मासिकांपैकी बरीचशी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानन्‌पान चाळता येतात. मारुहा माय्यो पाव शतक अर्जेंटिनात काढून 1960च्या दशकात माद्रिदला परतली तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. 1995मध्ये ती वारली. 2025मध्ये तिच्या कामाचं मोठं सिंहावलोकन आधी सान्तान्देरला आणि मग रेइना सोफियात भरलं, आणि जत्रांची ती चित्रं पुन्हा लोकांसमोर आली.